अंगठेबहाद्दर

चीनमध्ये दोन वर्षे राहून आले असे सांगितले की लोक मला ठरावीक तीन प्रश्न विचारतात. भिंत पाहिली का? तिकडे साप-बेडूक खातात हे खरे का? आणि चिनी माल एवढा स्वस्त कसा? भिंत मी पाहिली नाही. ती राहिली उत्तरेला आणि मी होते यांगत्से नदीच्या दक्षिणेला, शांघायपासून सुमारे शंभर किलोमीटरवरच्या सूचौ शहरात. साप-बेडकांच्या वाटेला मी गेले नाही, आणि मालाचे गणित अर्थशास्त्र विभागातील सरांनी सांगावे. परंतु "तिथे घर कसे चालवलेस?" हा प्रश्न मला आजवर एकानेही विचारलेला नाही. वास्तविक परक्या देशात माणसाची खरी परीक्षा होते ती मोरीत, ओट्यापाशी आणि जिन्यात. त्या परीक्षेत मी साफ नापास झाले. त्या नापास होण्यातून जे समजले ते आपल्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यांच्या आणि गुरुजनांच्या कानावर घालावे असे वाटते, म्हणून हा लेख.

२०१७ च्या मार्च महिन्यात यजमानांच्या नोकरीनिमित्त आम्ही सूचौला बिऱ्हाड केले. मराठी विषय घेऊन बी. ए. ला प्रथम वर्ग मिळवलेली मी. पुस्तकांच्या दोन पेट्या माहेरी ठेवून निघाले होते. भाड्याच्या घराचा करार करण्यासाठी आम्ही दलालाच्या कचेरीत बसलो. चार पानी करार, सगळा चिनी लिपीत. यजमानांच्या एका सहकाऱ्याने त्यातली मुख्य कलमे तोंडी समजावली. मी माझी शाळेपासून घोटलेली झोकदार सही केली. दलालाने सहीकडे पाहून मान डोलावली आणि तांबड्या शाईची डबी पुढे सरकवून स्वतःचा अंगठा वर करून दाखवला. तिकडे करारावर सहीच्या जोडीला बोटाचा ठसा घेण्याची रीत आहे. चांगल्या शिकलेल्या माणसाचाही घेतात, त्यात कमीपणा नाही. पण हे मला त्या वेळी कुठे ठाऊक होते? जो कागद मला वाचता येत नव्हता, त्याच्यावर मी अंगठा उठवला. घरी येऊन साबणाने घासला तरी त्याचा तांबडेपणा दुसऱ्या दिवसापर्यंत गेला नाही. आपल्याकडे अशा माणसाला एक शब्द आहे. तो मी लेखाच्या डोक्यावर घातला आहे.

त्यानंतर पोलीस चौकी. परदेशी माणूस हॉटेल सोडून घरात राहू लागला की त्याने चोवीस तासांच्या आत पोलिसांकडे नोंद केली पाहिजे, असा तिथे कायदा आहे. १ जुलै २०१३ पासून तो अमलात आला. चौकीतील तरुण शिपाई सभ्य होता. फॉर्ममधल्या ज्या चौकटीत लिहायचे तिच्यावर तो बोट ठेवी आणि मी त्या बोटामागून लिहीत जाई. त्याचे बोट थांबले की माझे पेन थांबे. हे दृश्य मी पूर्वी कुठेतरी पाहिले आहे असे मला सारखे वाटत राहिले. कुठे, ते पुढे सांगते.

दुसऱ्याच आठवड्यात आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये एक कागद चिकटवलेला दिसला. असे कागद तिथे नेहमीच असत. कुत्र्यांविषयी, कचऱ्याविषयी, सायकलींविषयी. भिंतीवरच्या नक्षीकडे पाहावे तसे मी त्याच्याकडे पाहिले आणि घरी आले. दुसऱ्या दिवशी सकाळी केसांना शाम्पू लावून नळ सोडला, तर नळ कोरडा! ज्या गावात दिवसाआड पाणी येते त्या गावात मी वाढले. पिंपे, हंडे, कळश्या भरून ठेवण्यात आमच्या घराचा हात कोणी धरला नसता. आणि पाणी जाणार असे सांगणारा कागद डोळ्यांसमोर असताना माझ्या घरात एक तांब्याही भरलेला नव्हता.

डोक्याला पंचा गुंडाळून मी दार उघडले. समोरच्या दारात एक साठी ओलांडलेली बाई भाजी निवडत बसली होती. माझ्या अवताराकडे पाहून ती आधी पोटभर हसली. मग आत जाऊन तिने एक बादली आणि गरम पाण्याचा थर्मास आणून दिला. तिच्या घरात पाहते तो बादल्या, पातेली, अगदी चहाची किटलीसुद्धा काठोकाठ भरलेली. मी मनात म्हटले, हिला कागद वाचता आला, मला नाही, एवढाच फरक. तो तर्क पुरता चुकीचा होता, हे कळायला मला पाच महिने लागले.

तिकडे या वयाच्या बाईला 'आयी' म्हणतात. अर्थ मावशी. दुसरे अक्षर किंचित वर चढवून म्हणायचे. मला ते जमत नसे, त्यामुळे माझ्या तोंडून तो उच्चार थेट आपल्या 'आई'सारखाच होई. माझी चूक तिला ऐकू येत नसे आणि मला ती दुरुस्त करावीशी वाटत नसे. ही आयी मूळची सूचौची नव्हे. त्याच ज्यांगसू प्रांताच्या उत्तर भागातील एका खेड्यातून ती आलेली. मुलगा आणि सून दोघे नोकरीवर जाणारी, म्हणून नातवाला सांभाळायला तिला गावाहून आणलेले. चीनमधल्या शहरांत अशा आज्या जागोजागी दिसतात. सूचौची खास बोली तिलाही नीट समजत नसे. माझ्या फोनमध्ये भाषांतराची सोय होती, पण तिचे खेड्यातले हेल त्या फोनला उमगत नसत. ती एक वाक्य बोले आणि फोन भलतेच काही सांगे. शेवटी आम्ही दोघींनी फोन बाजूला ठेवला आणि हातवाऱ्यांवर आलो.

घरकामाची माझी खरी शाळा तिच्या ओट्यापाशी भरली. तिकडे नळाचे पाणी तसेच पीत नाहीत, उकळून पितात. १९५२ पासून सरकारने आरोग्याची जी मोठी मोहीम चालवली तिने ही सवय घरोघर पक्की केली. आयीच्या लेखी गरम पाणी हे सर्व व्याधींवरचे औषध होते. डोके दुखते? गरम पाणी. घरची आठवण येते? गरम पाणी. हिवाळ्यात याचे मर्म कळले. उत्तर चीनमध्ये सरकारी व्यवस्थेने इमारती गरम ठेवतात; पण छिनलिंग पर्वत आणि ह्वाय नदी यांची जी रेषा आहे, तिच्या दक्षिणेला ही सोय पूर्वीपासून नाही. सूचौ त्या रेषेच्या दक्षिणेला. त्यामुळे जानेवारीत घरात आणि घराबाहेर थंडी सारखीच. आयी घरातही रुईभरला जाड कोट घालून वावरे आणि मला तसाच कोट घ्यायला लावला. जूनमध्ये पावसाची झड लागली की कपाटातल्या कपड्यांना बुरशी येते, ती कशी टाळायची तेही तिनेच शिकवले. मंडईत ताज्या कमळकाकड्या कशा निवडाव्यात, शरद ऋतूत येणारे पांढरे टपोरे दाणे म्हणजे आपल्याकडे लाह्या करून खातात तेच मखाणे, हे मला तिच्या टोपलीतून कळले. मंडईत सगळे गिऱ्हाईक फोन दाखवून पैसे चुकते करीत. पहिले काही महिने नोटा मोजणाऱ्या आम्ही दोघीच.

आणि मग एक दिवस मोदकांचा प्रसंग घडला.

२५ ऑगस्ट २०१७ रोजी गणेश चतुर्थी होती. ओला नारळ मिळाला, गुळासारखी तांबडी साखरेची ढेप मिळाली. तांदळाच्या पिठासाठी दुकानात गेले तर फळीवर दोन पुड्या शेजारी शेजारी, दोन्ही पांढऱ्याशुभ्र. फोनने एकीचे नाव 'चिकट तांदळाचे पीठ' असे सांगितले आणि दुसरीच्या नावाचे असे काही भाषांतर केले की मला अर्थबोध झाला नाही. चिकट पीठ आपल्याला नको, एवढे तर मला कळत होते. मी दुसरी पुडी घेतली. उकड काढली तेव्हाच संशय आला. ती हाताला डिंकासारखी ओढू लागली. तरी तशाच कळ्या पाडून मोदक उकडायला ठेवले. दहा मिनिटांनी झाकण काढले तर एकवीस मोदकांचा एकच गोळा झाला होता. देवापुढे काय ठेवू, या विचाराने मला रडू आले.

आयीला बोलावले. तिने पुडीकडे पाहिलेसुद्धा नाही. उरलेले पीठ चिमटीत धरून अंगठ्याने चोळले, नाकाशी नेले, आणि मान हलवली. मग माझा हात धरून मला त्याच दुकानात घेऊन गेली आणि मी टाकलेली ती 'चिकट' पुडी उचलून माझ्या हातात दिली. नंतर सगळा उलगडा झाला तो असा. त्या पिठाच्या नावातल्या चित्राक्षराचा अर्थ खरोखरच 'चिकट' असा आहे, आणि तरीही ते साध्या तांदळाचे पीठ असते. खरे चिकट पीठ दुसऱ्याच नावाने विकतात. म्हणजे मला ती अक्षरे वाचता आली असती, कोश उघडून प्रत्येकाचा अर्थ लावता आला असता, तरी मी तीच चूक केली असती! पीठ बोटांनी ओळखणारी बाई मात्र चुकली नसती. उरलेल्या उकडीचे आयीने गोळे केले, आत माझेच नारळाचे सारण भरले आणि ते उकळत्या पाण्यात सोडले. 'थांगयुआन' नावाचा हा त्यांचा सणाचा पदार्थ. आत बहुधा काळ्या तिळाचे सारण असते. गणपतीला त्या वर्षी तोच नैवेद्य दाखवला. संध्याकाळी साध्या पिठाचे मोदक केले ते आयीच्या नातवाने सात खाल्ले.

त्याच संध्याकाळी मी तिला खुणेने विचारले, की त्या पुडीवर काय लिहिले आहे ते वाचून दाखव. ती हसली. दोन्ही तळवे डोळ्यांवर ठेवून म्हणाली, "वनमांग." नातवाने तो शब्द फोनवर लिहून मला दाखवला. निरक्षर. त्या शब्दातली दोन चित्राक्षरे सुटी केली तर अर्थ होतो 'अक्षर' आणि 'आंधळा'. अक्षरांध. मग तिने माझ्याकडे बोट केले आणि तोच शब्द पुन्हा उच्चारला. आम्ही दोघीही!

पाण्याच्या त्या दिवसाचा अर्थ तेव्हा मला लागला. आयीने लिफ्टमधला कागद वाचलेला नव्हता. तिला तो वाचता येतच नव्हता. ती रोज सकाळी भाजीला जाताना फाटकावरच्या रखवालदाराला विचारी, "आज कागदावर काय आहे?" आपल्याला काय येत नाही हे तिला पक्के ठाऊक होते, म्हणून तिच्या बादल्या भरलेल्या होत्या. मी स्वतःला साक्षर समजत होते, म्हणून माझा नळ कोरडा राहिला. फोन समोरचे वाचून देतो खरा. पण वाचण्यासारखे काय आहे ते आधी माणसाला कळावे लागते, आणि विचारायची लाज वाटून चालत नाही.

त्यानंतर आम्हा दोघींना एक गुरू मिळाला: दुसरीत शिकणारा तो नातू. चीनमध्ये मुलांना पहिलीत 'फिनयिन' शिकवतात. म्हणजे चित्राक्षराचा उच्चार रोमन लिपीत लिहिण्याची पद्धत. ११ फेब्रुवारी १९५८ रोजी तिला मान्यता मिळाली. ती तयार करण्याच्या कामात ज्यांचा मोठा वाटा होता ते चौ योग्वांग मुळात अर्थशास्त्रज्ञ. मी चीनमध्ये पोचले त्याच वर्षीच्या जानेवारीत ते वयाच्या १११ व्या वर्षी वारले. या पद्धतीमुळे आणि १९५६ पासून चित्राक्षरे सोपी केल्यामुळे चीनमधली साक्षरता झपाट्याने वाढली, असे मानतात. पण ज्यांची शाळा हुकली त्यांना ही शिडीही परकीच. आयीला रोमन अक्षरेही येत नव्हती. मला ती येत होती, पण चित्राक्षरे येत नव्हती. मग नातू मला रोमनमधून आणि आजीला नुसते तोंडी, असे एकाच टेबलावर दोन वर्ग चालवी. चुकले की तो त्याच्या बाईंसारखा चेहरा करून पट्टीने टेबलावर आवाज करी.

मागाहून वाचनात आले की त्या देशात ही कल्पना जुनी आहे. ताओ शिंगझी या शिक्षणतज्ज्ञांनी १९३० नंतरच्या दशकात 'छोटे गुरुजी' ही योजना चालवली होती: मुलाने शाळेत जे शिकले ते संध्याकाळी घरातल्या निरक्षरांना शिकवावे. त्याहून मनाला भिडली ती यान यांगछू यांची हकीकत. जगात ते जेम्स येन या नावाने ओळखले जातात. पहिल्या महायुद्धात सुमारे एक लाख चाळीस हजार चिनी मजूर फ्रान्समध्ये नेले गेले. येन १९१८ साली त्यांच्या छावणीत काम करू लागले. संध्याकाळी मजुरांची घरी पाठवायची पत्रे लिहून द्यायची, हे तिथले त्यांचे काम. पत्रे लिहिता लिहिता त्यांच्या ध्यानात आले, की या लोकांना अक्कल कमी नाही, संधी कमी मिळाली आहे. त्यांनी वर्ग काढले आणि पुढे मायदेशी परतून निवडक हजार चित्राक्षरांचे धडे घेऊन प्रौढ शिक्षणाची चळवळ उभी केली. आपल्या जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ साली शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली होती, तिची या ठिकाणी आठवण येते. येन यांना आपले लोक प्रथम दिसले ते परक्या देशात, निरक्षर मजुरांच्या रूपात, हे मला फार अर्थपूर्ण वाटते.

पहिल्या दिवशी गुरुजींनी मला 'थिंग-श्वे' लिहायला शिकवले: पाणी बंद. 'थिंग'मध्ये मंडपाशेजारी माणूस उभा असतो, म्हणजे थांबला. 'श्वे'मध्ये मधल्या दांड्याच्या दोन्ही बाजूंना पाणी उडते. आयीला विचारले, तुला काय शिकायचे आहे? मला वाटले, स्वतःचे नाव म्हणेल. ती म्हणाली, "छूखौ." बाहेर पडायची वाट. सूचौला २०१२ साली भुयारी रेल्वे सुरू झाली. एकदा ती एकटी तिच्यातून गेली आणि स्थानकातून वर यायची वाट तिला सापडेना. पाट्या होत्या, बाण होते, माणसांचे लोंढे होते. विचारायचे तर तिचे बोलणे शहरी पोरांना समजेना. तासभर ती जमिनीखाली फिरत राहिली. हे सांगताना ती हसत नव्हती. 'छू' म्हणजे एकावर एक ठेवलेले दोन डोंगर आणि 'खौ' म्हणजे तोंड, एक रिकामा चौकोन. तिने ती दोन अक्षरे वहीच्या पानावर इतक्या वेळा काढली की कागद फाटला.

म्हणून मी निरक्षरतेचे गोडवे गाण्यासाठी लिहीत नाही. आयीच्या लहानपणी घरात धाकटी भावंडे सांभाळायची होती. १९५९ ते १९६१ ही दुष्काळाची भयंकर वर्षे तिने मूल म्हणून पाहिली. शाळा हुकली ती तिच्या आळसाने नव्हे. ती रोज विचारून विचारून जगत होती, आणि रोज विचारणे किती थकवणारे असते ते मी दोन वर्षे अनुभवले. १९८८ च्या तिथल्या नियमाप्रमाणे साक्षर ठरायला खेड्यातल्या माणसाला १,५०० आणि शहरातल्याला २,००० चित्राक्षरे यावी लागतात. दोन वर्षांत मला जेमतेम चारशे आली. आयीला साठ. म्हणजे नियमाप्रमाणे मी निरक्षर गेले आणि निरक्षर परत आले. आपल्या जनगणनेत मात्र वयाची सात वर्षे झालेल्या ज्याला कोणत्याही एका भाषेत समजून लिहिता-वाचता येते तो साक्षर. मी एकच बाई. विमानात बसताना साक्षर, उतरताना निरक्षर!

आता पोलीस चौकीतल्या त्या बोटाविषयी. माझी आजी अंगठा उठवीत असे. मी सहावीत असताना तिच्याबरोबर पेन्शनचे पैसे काढायला जात असे, कारण कागदावर काय लिहिले आहे ते वाचायला कोणीतरी लागे. एकदा खिडकीमागचे गृहस्थ ओरडले, "अंगठेवाल्यांनी बाजूला थांबा, सहीवाले आधी." आजी बाजूला झाली. आणि मी? मी तिच्यापासून चार पावले दूर जाऊन भिंतीवरचे कॅलेंडर वाचत उभी राहिले, मी तिच्याबरोबरची नव्हेच अशी. पुढे त्या गृहस्थांनी कागदावर बोट ठेवले आणि आजीचा अंगठा त्या बोटामागून गेला. घरी येताना ती मला काहीही बोलली नाही. शंभर ओव्या जिला पाठ, कोणत्या शेतात कोणत्या नक्षत्रावर काय पेरायचे ते जिच्या बोटांवर, आणि गावातल्या निम्म्या बाळंतिणी जिच्या हाताखालून गेलेल्या, त्या बाईची मला लाज वाटली होती. तिच्या हयातीत मी तिची क्षमा मागितली नाही. सूचौच्या चौकीत तरुण शिपायाच्या बोटामागून लिहिताना मला ती चार पावले आठवली.

वाचकहो, एवढ्यावर लेख संपवता आला असता, तर किती बरे झाले असते! 'परदेशात जाऊन मला शहाणपण आले' असे म्हणून मोकळी झाले असते. पण तसे झाले नाही. संसारातून सवड काढून मी पुन्हा एम. ए. ला नाव घातले. गेल्या जूनमध्ये प्रवेशाच्या दिवसांत मी आपल्या कार्यालयाच्या व्हरांड्यात उभी होते. एक बाई मुलीचे कागद पिशवीत घेऊन आली आणि मला म्हणाली, "ताई, फी कुठं भरायची?" मी माझ्याच घाईत. हात वर करून सूचनाफलक दाखवला आणि म्हणाले, "तिथे लिहिलंय ना." ती "बरं" म्हणाली. दहा मिनिटांनी मी परत आले तेव्हा ती त्या फलकासमोर तशीच उभी होती, लिफ्टमधल्या कागदापुढे मी उभी राहिले असते तशी. दोन वर्षे अंगठा लावून आलेल्या माणसाची जर ही तऱ्हा, तर इतरांना काय बोलावे?

माझे म्हणणे थोडक्यात असे. आपण कला शाखेचे लोक अक्षरांवर जगतो. त्यामुळे ज्याला अक्षर येत नाही त्याला काहीच येत नाही, असा आपला नकळत ग्रह होऊन बसतो. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील साक्षरता ८२ टक्क्यांच्या आसपास होती. उरलेली माणसे कुठे आकाशात राहत नाहीत. ती आपल्याच घरी धुणे-भांडी करतात, आपल्याच वर्गातल्या मुलामुलींचे आईबाप आहेत, आणि प्रवेशाचे सगळे सोपस्कार संगणकावर गेल्यापासून तर पूर्वीपेक्षा अधिक वेळा खिडकीपुढे येऊन उभी राहतात. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण दरवर्षी खेड्यात जाऊन साक्षरतेवर पथनाट्य करतो. त्यातला निरक्षर नेहमी बावळट असतो, मळके धोतर नेसतो, फसवला जातो आणि शेवटी शहाण्या विद्यार्थ्याचे पाय धरतो. मीही बी. ए. ला असताना त्यात काम केले आहे आणि टाळ्या घेतल्या आहेत. समोर बसलेल्या बायका तेव्हा का हसत नव्हत्या, ते मला आता कळते.

तेव्हा दोन सूचना करते. पहिली अशी, की यंदाच्या शिबिरात आपण शिकवण्याआधी एक दिवस विचारावे: तुमचे कुठे अडते? एखादीला नाव नको असेल, तालुक्याच्या बसची पाटी हवी असेल. एखादीला दवाखान्यातली खोली ओळखायची असेल. आयीला 'बाहेर पडायची वाट' हवी होती, आणि ते माझ्या स्वप्नातही आले नसते. दुसरी सूचना प्रवेशाच्या दिवसांची. फलकाशेजारी एक टेबल आणि दोन खुर्च्या असाव्यात. आळीपाळीने दोघांनी बसून येणाऱ्याला कागद वाचून दाखवावा, फॉर्म लिहून द्यावा, आणि हे उपकार म्हणून करू नये. त्या टेबलापाशी एकच नियम पाळायचा: "तिथे लिहिलंय" हे वाक्य कोणी उच्चारायचे नाही.

टेबलासाठी मी कार्यालयात विचारले आहे. व्हरांड्याच्या कोपऱ्यातले जुने टेबल मिळेल असे सांगतात. येत्या जूनच्या पहिल्या दिवसापासून एका खुर्चीत मी बसणार आहे. दुसरी खुर्ची सध्या रिकामी आहे.